खेळाचें यंत्र आणि घरची हार्ड डिस्क

अलीकडे नांदेड व लातूर येथील कित्येक घरीं दिवाणखान्यांतील पडद्याखालीं एक काळी अथवा पांढरी पेटी दिसूं लागली आहे. तिला गेम कन्सोल म्हणतात. तिच्या पाठीमागें वीत-दीड वीत लांबीची दोरी अडकविलेली असते व दोरीच्या टोकास पत्त्यांच्या जोडाएवढी दुसरी लहान पेटी असते. ही दुसरी पेटी म्हणजे हार्ड डिस्क. गेल्या वर्षभरांत निरनिराळ्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. तो असा कीं, या डिस्कला लागणारी वीज खेळाचें यंत्र एकटें पुरवूं शकतें काय, कीं तिला भिंतींतून वेगळी वीज द्यावी लागते? पालकांपैकीं कांहींनीं तोच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला: ही डिस्क त्या यंत्रास लाविली तर बिघडेल काय, आणि तींत असलेले आमचे फोटो जातील काय?

मुलांच्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे व तें आरंभींच देऊन टाकतों. हातांत मावणारी लहान डिस्क असेल, यंत्र गेल्या दहाबारा वर्षांतलें असेल व दोरी आखूड असेल, तर होय, पुरवूं शकतें. पालकांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र तितकें सोपें नाहीं, व हा लेख मुख्यतः त्यांसाठींच लिहिला आहे. आमचें मत असें आहे कीं, विजेचा प्रश्न हा या प्रकरणांतील धाकटा प्रश्न होय. ती पेटी कोणाची व तींत काय आहे, हा थोरला. घरोघरीं चर्चा होते ती धाकट्याची.

तथापि धाकट्याचाहि मान राखला पाहिजे, कारण त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

ज्या खाचेंत ही दोरी बसते तिला यूएसबी म्हणतात. सात मोठ्या कंपन्यांनीं मिळून हें साधन ठरविलें व १९९६ सालीं तें बाहेर आलें. इंटेल कंपनीच्या ज्या मंडळींनीं त्याची घडण केली त्यांत अजय भट्ट या भारतीय इंजिनिअरांचें नांव प्रमुख आहे. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें. ज्यांचें नांव त्या विद्यापीठास आहे ते सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें या खेड्यांत जन्मले होते, हें जातां जातां सांगून ठेवावेंसें वाटतें; एरव्हीं आमचीं मुलें असें समजतात कीं, अशा वस्तूंशीं आपल्याकडील मातीचा कांहींएक संबंध नसतो.

यूएसबीपूर्वीं संगणकास लावावयाच्या प्रत्येक उपकरणाची खाच निराळी असे व त्यास वीजहि बहुधा निराळी द्यावी लागे. नव्या साधनाची खरी सोय ही कीं, एकाच दोरींतून माहितीहि जाते व वीजहि जाते. मूळच्या रचनेंत दोरींत चारच तारा होत्या, दोन माहितीच्या व दोन विजेच्या. विजेचा दाब ५ व्होल्ट. परंतु यजमान यंत्र जोडलेल्या उपकरणास एकदम हवी तितकी वीज देऊन टाकीत नाहीं. प्रथम त्यास १०० मिलिअँपिअर एवढीच घेण्याची मुभा असते. मग उपकरण आपली ओळख सांगतें, मला अमुक इतकी लागेल असें कळवितें, व यजमानानें होकार दिल्यावर ५०० मिलिअँपिअरपर्यंत घेऊं शकतें. आपल्या पंगतींत पहिली वाढ बेताची होते, मग पाहुण्यानें मागावें व यजमानानें वाढावें, त्यांतलाच हा प्रकार. २००८ सालीं यूएसबीची तिसरी आवृत्ति निघाली तेव्हां ही मर्यादा ९०० मिलिअँपिअरांवर गेली. दाब व धारा यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ति निघते, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. जुन्या खाचेंतून २·५ वॅट, नव्या खाचेंतून ४·५ वॅट. घरांतील ९ वॅटच्या एलईडी दिव्यास लागते तिच्या बरोबर निम्मी.

एवढ्याशा विजेवर ती डिस्क काय काय करते हें पाहिलें म्हणजे अचंबा वाटतो. तिच्या पोटांत कांचेच्या अथवा ॲल्युमिनिअमच्या, आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. लहान डिस्कमध्यें त्या बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेतात. त्यांवरून लिहिणारें व वाचणारें टोंक चकतीस स्पर्श न करतां, वाऱ्याच्या एका अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतें. चकत्या एकदां फिरूं लागल्या म्हणजे त्यांची गति राखण्यास फारशी वीज लागत नाहीं. खरी ओढ असते ती पहिल्या एकदोन सेकंदांत. उसानें भरलेली बैलगाडी शेतांतून सडकेवर काढतांना बैलांच्या माना कशा ताणतात, व सडकेस लागल्यावर तीच गाडी कशी सहज चालते, हें आमच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांनीं पाहिलेलें आहे. डिस्कचें तसेंच. आरंभींच्या क्षणीं ती एक अँपिअरच्या आसपास मागूं शकते व नंतर तिची मागणी बरीच खालीं येते.

आतां हिशेब जुळविला कीं, जुन्या यंत्रांवर कां अडत असे तें आपोआप कळतें. ज्या प्लेस्टेशन टू यंत्रानें आपल्याकडील लहान शहरांस या खेळांची ओळख करून दिली (त्यासाठीं हैदराबादेंत तयार झालेला हनुमानावरील एक खेळ २००९ सालीं निघाला होता) त्याची खाच यूएसबीच्या पहिल्याच आवृत्तीची. तीस ५०० मिलिअँपिअरांच्या पलीकडे देण्याचें बंधन नव्हतें व तिचा वेगहि मुंगीचा. निन्टेन्डो कंपनीचें वी यू हें यंत्र २०१२ सालीं निघालें, त्याच्याहि खाचा दुसऱ्या आवृत्तीच्याच होत्या. म्हणून स्वतःची वेगळी वीज घेणारी डिस्क लावावी असा सल्ला खुद्द कंपनीच देत असे. ज्यांस तें नको होतें ते दोन तोंडांची दोरी आणून एका डिस्कसाठीं दोन खाचांतून वीज ओढीत. अशा दोरीस यूएसबीच्या नियमांत जागा नाहीं, कारण दुसरें तोंड न विचारतां ताटांत हात घालतें. चालत असे, हें खरें. परंतु एकादी गोष्ट चालते म्हणून ती योग्य असें ठरत नाहीं.

पुढें चित्र पालटलें. एक्सबॉक्स वन या यंत्रास जून २०१४ पासून, व प्लेस्टेशन फोर यास मार्च २०१७ पासून बाहेरच्या डिस्कवर खेळ ठेवण्याची सोय मिळाली, व दोहोंनीं तिसऱ्या आवृत्तीचीच डिस्क हवी अशी अट घातली. प्लेस्टेशन फाइव्ह २०२० च्या अखेरीस निघालें व भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं आलें. त्याचाहि नियम तोच: डिस्क २५० जीबी ते ८ टीबी यांमधील असावी व ती थेट यंत्राच्याच खाचेंत लावावी, मध्यें अनेक तोंडांचा हब घालूं नये. पहिल्या घडणीच्या यंत्रांत समोरची चौकोनी खाच जुन्या वेगाची आहे व मागच्या दोन नव्या वेगाच्या आहेत. म्हणून डिस्क मागेंच लावावी. टेबलावर उभी राहणारी, पुस्तकाएवढी मोठी डिस्क असते तिची गोष्ट वेगळी. तिच्या चकत्या साडेतीन इंचांच्या व तिला १२ व्होल्टांचा दाबहि लागतो, जो या खाचेंत मिळतच नाहीं. ती आपला अडॅप्टर बरोबर घेऊनच येते व तिला भिंतींतील वीज द्यावीच लागते. तो अडॅप्टर हरवला म्हणून दुसऱ्या कशाचा तरी लावून पाहण्याचा मोह कोणी करूं नये. व्होल्ट जुळले नाहींत तर डिस्क एका क्षणांत कामांतून जाते.

हें सर्व ठीक असूनहि पुष्कळांची डिस्क मध्येंच नाहींशी होते, पुन्हां दिसते, पुन्हां नाहींशी होते, व आंतून टक् टक् असा आवाज येतो. तेव्हां दोष कोणाचा? आमच्या अनुभवानें पुष्कळदां दोरीचा. डिस्कबरोबर आलेली आखूड दोरी हरवते किंवा पेटी दूर ठेवावयाची म्हणून अपुरी पडते, आणि मग नांदेडच्या वजिराबादेंतून किंवा लातूरच्या गंजगोलाईंतून एक लांबलचक, स्वस्त व बारीक दोरी घरीं येते.

दाब असणें व प्रवाह पोहोंचणें यांतील भेद लातूरकरांस पुस्तकांतून शिकवावा लागत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेव्हां पहिल्या गाडीच्या १० टाक्यांतून सुमारें ५ लाख लिटर पाणी लातुरास आलें. आजच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेक त्या वेळीं पाळण्यांत किंवा आईच्या कडेवर होते. पालकांस तो उन्हाळा विसरणें शक्य नाहीं. मिरजेस पाणी होतें, आपल्या घागरींत नव्हतें. प्रश्न मधल्या वाटेचा होता. दोरीचेंहि असेंच असतें. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम येथें लावून पाहा. बारीक दोरींत पुष्कळदां असते तशा तारेचा रोध मीटरास सुमारें ०·२१ ओहम धरूं. दोन मीटरांची दोरी, म्हणजे वीज जाण्याची एक व परत येण्याची एक मिळून ४ मीटर तार. रोध झाला ०·८४ ओहम. तींतून ०·९ अँपिअर धारा गेली तर वाटेंत ०·७६ व्होल्ट खर्चीं पडतात व डिस्कच्या दारांत ५ च्या ठिकाणीं ४·२४ व्होल्ट पोहोंचतात. तीच दोरी अर्ध्या मीटराची असती तर ४·८१ पोहोंचले असते. पहिल्या ओढीच्या वेळीं एवढा फरक पुरतो. चकती गति घेऊं शकत नाहीं, थांबते, पुन्हां प्रयत्न करते. तोच तो टक् टक् आवाज. असा आवाज डिस्क खरोखरच मरणपंथास लागली असतांहि येतो, म्हणून त्याकडे कानाडोळा करूं नये. परंतु डिस्क फेंकून देण्यापूर्वीं आखूड व जाड दोरी लावून एकदां पाहावें. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूनें कित्येक हजारांची वस्तु वांचते.

यापुढें विजेच्या उगमाचा विचार येतो. आपल्या भागानें २००५ नंतरचीं कांहीं वर्षें भारनियमनाच्या तासांवर घड्याळ लावून काढलीं. ते दिवस तसे राहिले नाहींत. तरी वळवाचा पाऊस आला, वारा सुटला, रोहित्र बिघडलें कीं वीज जाते, हें नांदेडासहि ठाऊक आहे व लातुरासहि. डिस्कवर लिहिणें चालू असतां वीज गेली तर काय होतें? डिस्क घडविणाऱ्यांनीं यासाठीं एक सुंदर योजना केली आहे. फिरत्या चकतीचा वेग शिल्लक असतोच. त्या वेगावर तिची मोटार क्षणभर जनित्र बनते व त्या उसन्या विजेवर लिहिणारें टोंक सुरक्षित जागीं जाऊन बसतें. म्हणजे चकतीस ओरखडा सहसा पडत नाहीं. परंतु जें लिहून व्हावयाचें राहिलें होतें तें अर्धेंच राहतें, व यंत्र पुन्हां सुरू केल्यावर बराच वेळ डिस्क तपासण्यांत व सांधण्यांत घालवितें. अनेक घरगुती इन्व्हर्टरांना एक लहान कळ असते; तिच्या एका बाजूस यूपीएस असें लिहिलेलें असतें. कळ त्या बाजूस असली म्हणजे वीज गेल्यावर बदल इतक्या चपळाईनें होतो कीं, बहुधा यंत्र बंद पडत नाहीं. कित्येक घरीं ही कळ इन्व्हर्टर घेतल्या दिवसापासून कोणी पाहिलेलीहि नसते! आणखी एक गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यांत बाहेर ४२ अंश असतां कांचेच्या बंद कपाटांत खेळाचें यंत्र व डिस्क एकावर एक रचून ठेवणें हें त्यांस भट्टींत ठेवण्यासारखेंच आहे.

येथवर धाकट्या प्रश्नाचें झालें. आतां थोरल्याकडे वळूं.

एका घरचा प्रकार आमच्या कानीं आला तो असा. थोरल्या बहिणीचें लग्न होऊन दोन वर्षें झालीं होतीं. छायाचित्रकारानें लग्नाचे सर्व फोटो व चित्रफीत एका डिस्कवर भरून दिलीं होतीं व ती डिस्क कपाटांत होती. त्याच लग्नांत आजोबा शेवटचे हिंडतेफिरते दिसले होते; पुढील वर्षीं ते गेले. धाकटा भाऊ आठवींत. खेळाच्या यंत्रांत जागा उरली नव्हती. कपाटांतील डिस्क त्यानें खाचेंत बसविली, वीज नीट मिळाली, यंत्रानें डिस्क ओळखली आणि इंग्रजींत कांहीं विचारलें. त्यानें होय म्हटलें. पुन्हां विचारलें, पुन्हां होय म्हटलें. दहा-वीस सेकंदांत काम झालें. आठवड्यानें आईनें आजोबांचा फोटो काढावयास सांगितला तेव्हां घरांत काय झालें असेल तें लिहावयास नको. छायाचित्रकाराकडे विचारतां, इतकीं जुनीं कामें आपण ठेवीत नाहीं, असें उत्तर आलें.

घडलें तें असें. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स यांवर खेळ साठविण्यासाठीं डिस्क लावावयाची तर यंत्र ती आधीं फॉरमॅट करतें, म्हणजे तिच्यावरील जुनी व्यवस्था मोडून आपल्या सोयीची नवी घालतें. जुनें सर्व जातें. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळशा डिस्क ज्या एनटीएफएस नांवाच्या पद्धतीनें आंखलेल्या असतात ती प्लेस्टेशन फोर यास वाचतां येत नाहीं. म्हणून लाखभर फोटोंनीं भरलेली डिस्कहि त्यास अनोळखीच वाटते व तें तींतला एकहि फोटो दाखवूं शकत नाहीं. मुलाची समजूत होते कीं, डिस्क रिकामी आहे. यंत्र इशारा देतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो इशारा मराठींत नसतो, आणि खेळाच्या उतावळेपणांत आठवीचा मुलगा इंग्रजी वाक्य शेवटपर्यंत वाचील अशी अपेक्षा ज्यांस आहे त्यांनीं एक दिवस आमच्या वर्गावर येऊन बसावें.

त्या मुलास घरीं पुष्कळ बोलणीं बसलीं. आमच्या मतें ती शिक्षा अन्यायाची होती. ज्या पेटींत घराच्या आठवणी होत्या तिच्यावर नांव नव्हतें, तिची दुसरी प्रत नव्हती, व ती रिमोटच्या शेजारीं पडलेली होती. लग्नांतले दागिने आपण असे ठेवतों काय? एक टीबीच्या डिस्कमध्यें ४ एमबीचा एक याप्रमाणें अडीच लाख फोटो मावतात. अडीच लाख फोटो एका पत्त्यांच्या जोडाएवढ्या डबींत ठेवून तिच्यावर चिठ्ठीसुद्धां न लावणारा मोठा माणूस, व ती डबी रिकामी समजणारा लहान मुलगा, यांत अधिक जबाबदारी कोणाची, हें पालकांनींच ठरवावें.

या जिल्ह्यांतील वडीलधाऱ्यांस अशा नुकसानीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गांवांत दगडमातीचीं घरें बसलीं, तेव्हां हजारों माणसांबरोबर भिंतींवरच्या तसबिरीहि त्या ढिगाऱ्याखालीं गेल्या. दुसऱ्या गांवीं एकाद्या नातलगाकडे लग्नाच्या फोटोची प्रत असेल त्यासच गेलेल्या माणसाचा चेहरा पुन्हां पाहावयास मिळाला असेल. ‘दुसरी प्रत दुसऱ्या घरीं’ ही गोष्ट संगणकवाल्यांनीं नव्यानें शोधून काढलेली नाहीं.

म्हणून आमचें सांगणें असें. घरांत पैसे सांचवून नवी डिस्क घ्यावयाची झाल्यास पहिली डिस्क खेळासाठीं घेऊं नये. ती घरच्या फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठीं घ्यावी व ती प्रत शक्य तर मामाच्या किंवा काकाच्या घरीं ठेवावी. तिच्यानंतरची खुशाल खेळाची. हें वाचून कांहीं विद्यार्थी नाराज होतील. परंतु त्यांनीं आपल्याच खेळाचा विचार करून पाहावा. विकत घेतलेला खेळ डिस्क बिघडली तरी आपल्या खात्यावरून पुन्हां उतरवून घेतां येतो किंवा तबकडीवरून पुन्हां भरतां येतो. प्लेस्टेशन फोरमध्यें खेळांत गांठलेली मजल बाहेरच्या डिस्कवर नसतेच, ती यंत्राच्या आंतल्या साठ्यांत राहते; बाहेरची डिस्क गेली तरी ती मजल जात नाहीं. खेळाचें फार तर दोन दिवसांचें नुकसान. आजोबांचा फोटो मात्र कोणत्याहि खात्यावरून उतरवून घेतां येत नाहीं. (दुकानदाराकडे डिस्क देऊन फुकटचे खेळ भरून आणण्याची जी रीत प्लेस्टेशन टूच्या काळापासून आपल्याकडे चालत आली आहे, तिच्याविषयीं एवढेंच म्हणतों कीं, ती चोरी आहे, शिवाय घरचे फोटो असलेली डिस्क परक्याच्या हातीं देणें हा निव्वळ वेडेपणा.)

लातुरास आणखी एक निकड आहे. ज्या अभ्यासक्रमास लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात त्याच्या मागें लागून गांवोगांवचीं मुलें येथें खोल्या घेऊन राहतात व पुष्कळांजवळ व्याख्यानांच्या चित्रफिती, प्रश्नसंच व टिपणें एका डिस्कवर सांठविलेलीं असतात. सुट्टींत घरीं आल्यावर धाकट्या भावंडाच्या खेळाच्या यंत्रास तीच डिस्क लावली जाते. परीक्षा दोन महिन्यांवर असतां दोन वर्षांचीं टिपणें गेलीं, तर त्याचें मोल कोणत्या रोधाच्या व धारेच्या गणितानें काढावें?

कांहीं पालकांचें म्हणणें असें कीं, हें यंत्रच घरांत नको, म्हणजे प्रश्नच मिटला. यंत्र घ्यावें कीं न घ्यावें हा ज्याच्या त्याच्या घरचा व खिशाचा प्रश्न आहे व त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु घेतल्यावर त्याकडे पाठ फिरवून बसणें आम्हांस पसंत नाहीं. डिस्कवर बारीक अक्षरांत छापलेला अँपिअरचा आंकडा ज्या मुलानें वाचला, दोरीची लांबी मोजली व वाटेंत किती व्होल्ट गळतात हें काढून पाहिलें, त्यानें ओहमचा नियम फळ्यावरून शिकणाऱ्यापेक्षां अधिक पक्का केला आहे, असें आम्ही वर्गाच्या अनुभवावरून सांगूं शकतों. त्याला ‘आधीं अभ्यास कर’ म्हणून हांकलून देणें म्हणजे चालू असलेला अभ्यास बंद पाडणें होय. उलटपक्षीं, ज्या बापास डिस्क व पेन ड्राइव्ह यांतील भेदहि ठाऊक नाहीं त्याच्यासमोर मुलगा परवानगी मागावयास येणार तरी कशाला? परवानगी जाणत्याकडे मागतात. संध्याकाळीं अर्धा तास त्या यंत्राजवळ बसून, ही दोरी कसली, ही खाच कसली, हें वाक्य काय म्हणतें, असें मुलालाच विचारावें. मुलें आनंदानें सांगतात. शिकविण्याची हौस कांहीं केवळ आम्हां शिक्षकांसच असते असें नाहीं.

ज्यांच्या घरीं चूक घडून गेली आहे त्यांसाठीं दोन शब्द. फॉरमॅट होणें हें बहुधा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकल्यासारखें असतें. पानें कांहीं काळ तशींच राहतात. त्यांवर नवें लिहिलें गेलें म्हणजे मग तीं खरोखर जातात. म्हणून कळल्या क्षणीं यंत्र रीतसर बंद करून डिस्क काढून ठेवावी, तिच्यावर एकहि खेळ भरूं नये, व जाणत्या माणसाकडून शोध करवावा. घरच्या घरीं दहा प्रकारचे प्रयोग करून पाहणाऱ्यांच्या हातीं शेवटीं कांहीं लागत नाहीं. वरील घरीं आठवडाभर त्या डिस्कवर खेळ भरले गेले होते. तरीहि शोध केल्यावर कांहीं फोटो मिळाले. चित्रफीत मिळाली नाहीं.

नवी डिस्क घेणाऱ्यांपैकीं पुष्कळजण हल्लीं एसएसडी घ्यावी काय असें विचारतात. तींत फिरणारी चकती नसते, त्यामुळें पहिल्या क्षणाची ती ओढहि नसते. धक्क्यानेंहि ती सहसा बिघडत नाहीं व प्लेस्टेशन फोरचे खेळ तिच्यावरून लवकर उघडतात. किंमत अर्थातच अधिक. मात्र प्लेस्टेशन फाइव्हचे स्वतःचे खेळ यूएसबीच्या खाचेंत लावलेल्या कोणत्याहि डिस्कवरून चालत नाहींत, मग ती चकतीची असो वा बिनचकतीची. एप्रिल २०२१ पासून ते तेथें नुसते ठेवतां येतात, व खेळावयाचे झाल्यास पुन्हां यंत्राच्या आंत आणावे लागतात. दुकानांत कोणी याच्या उलट सांगितल्यास विद्यार्थ्यांनीं पैसे खिशांतच ठेवून घरीं परतावें.